सहावा रकाना

आमच्याकडं दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की फार वेळ गप्प बसत नाहीत, बेळगावहून खानापूरला जाणारी बस असो नाहीतर निपाणीची, तिकीट काढून होईपर्यंत एकानं विचारलेलं असतंच, गाव कुठलं तुमचं? मग घरात काय बोलता, मराठी का कन्नड, शाळा कुठं झाली, शेती का नोकरी, देव कुठला, सौंदत्तीची यल्लम्मा का जोतिबा. चार-पाच प्रश्न होतात आणि कुठंतरी एक उत्तर जुळतं, मग समोरचा सैल होतो, "मग आपलीच की हो तुम्ही" म्हणतो आणि थोडं सरकून पिशवीला जागा करून देतो. याला आम्ही ओळख काढणं म्हणतो. लहानपणापासून हे इतकं बघितलंय की त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं, आणि आता मात्र डोक्यातून जात नाही, कारण गणितातला एक न सुटलेला प्रश्न अगदी याच गोष्टीवर उभा आहे.

समजा एका खोलीत बरीच माणसं जमलीयत. प्रत्येकाच्या नावापुढं पाच रकाने भरलेत, गाव, घरातली भाषा, शाळा, कामधंदा, देव, प्रत्येक रकान्यात एकच उत्तर. अट अशी की कुठल्याही दोघांना उभं केलं तरी त्यांची ओळख निघायलाच पाहिजे, म्हंजे निदान एका रकान्यातलं उत्तर दोघांचं सारखं. आता मला एक छोटी यादी करायचीय, खानापूर, कन्नड, शेती अशी, की खोलीतल्या प्रत्येक माणसाची निदान एक गोष्ट त्या यादीत सापडावी. ही यादी किती छोटी करता येईल?

पाचांची यादी तर लगेच होते, त्याला काही डोकं लागत नाही. कुणाही एका माणसाला उचला आणि त्याची पाच उत्तरं लिहून टाका. बाकी सगळ्यांची त्याच्याशी ओळख निघतेच, त्यामुळं प्रत्येकाचं काहीतरी त्या पाचात आहेच. खरा प्रश्न आहे तो एक वाचवता येतं का याचा. पाच रकाने असतील तर चारात भागतं का? सहा असतील तर पाचात? हर्बर्ट रायझर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाच्या नावावर हा अंदाज आहे, साधारण १९७० च्या आसपासचा, की हो, नेहमी एक वाचतंच. (त्याचा मूळ अंदाज याहून मोठा आहे, ज्यात सगळ्यांची ओळख निघायलाच पाहिजे अशी अट नाही, पण मी इथं ओळखीवाल्या भागाबद्दलच बोलतेय.) पाच रकान्यांपर्यंत हे सिद्ध झालंय, झोल्ट टूझा या हंगेरियन माणसाचं ते काम. सहा रकान्यांसाठी अजून कुणालाच जमलेलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून नुसती बसून राहिले होते. सहा! लाख नाही, कोटी नाही, सहा. रेशन कार्डाच्या अर्जात याहून जास्त रकाने असतात.

मी इथल्याच एका डिग्री कॉलेजात गणित शिकवते. शाळा मराठीत झाली, पुढं सगळं इंग्रजीत, स्टाफरूममध्ये कन्नड, आणि संध्याकाळी शहापूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर काही मुलं येतात त्यांच्याशी जे सुचेल त्यात. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हंजे अकरावीला, पहिलाच धडा संचांचा असतो. छेद, संयोग, दोन गोल काढून मधला भाग रंगवायचा, परीक्षेला पाच मार्क, झालं. पोरांना वाटतं यात आता शोधायचं काय राहिलंय. माझी मनापासूनची इच्छा अशी आहे की त्या धड्यानंतर लगेच कुणीतरी त्यांना सांगावं की दोन गोलांच्या जागी पन्नास गोल घ्या, प्रत्येक दोघांना एकमेकांत थोडं शिरू द्या, आणि बघा, इथून पुढं माणसाला जे माहीत आहे ते फार लवकर संपतं.

दोन रकान्यांपासून सुरू करू. नुसतं गाव आणि भाषा. एक माणूस शहापूर-मराठी, दुसरा शहापूर-कन्नड, दोघांची ओळख गावावरनं निघाली. तिसरा कुणीही येऊ दे, त्याचं गाव शहापूर नसेल तर पहिल्याशी जुळायला त्याची भाषा मराठी पाहिजे आणि दुसऱ्याशी जुळायला कन्नड पाहिजे, आणि रकान्यात उत्तर एकच लिहायचंय, म्हणून तो शहापूरचाच. म्हंजे दोन रकाने असले की सगळी खोली एकाच गोष्टीला बांधलेली असते. एक वाचलं.

तीन रकाने केले की मजा सुरू होते. चार माणसं घ्या. पहिला खानापूरचा, मराठी, शेती. दुसरा खानापूरचा, कन्नड, दुकान. तिसरा निपाणीचा, मराठी, दुकान. चौथा निपाणीचा, कन्नड, शेती. आता कुठलेही दोन घ्या. पहिला-दुसरा गावावर जुळतात, पहिला-तिसरा भाषेवर, पहिला-चौथा शेतीवर, दुसरा-तिसरा दुकानावर, दुसरा-चौथा भाषेवर, तिसरा-चौथा गावावर. सहा जोड्या, सहा वेगवेगळ्या गोष्टी, प्रत्येक जोडीला बरोबर एकच. आणि चौघांना मिळून एक गोष्ट? नाही. गाव दोन, भाषा दोन, धंदे दोन. एकात भागत नाही, पण खानापूर आणि निपाणी अशा दोनात सगळे येतात. हे चौघं मला फार आवडतात. कागदावर गोष्टींचे सहा ठिपके आणि माणसांच्या चार रेघा एवढंच चित्र होतं त्यांचं, पण ते बघताना वाटतं की कुणीतरी अगदी विचार करून, कुणावर अन्याय न करता बसवलेलं आहे.

त्यात सातवा ठिपका घाला, खानापूर-निपाणी ही दोन गावं जोडणारी एक रेघ, दोन भाषा जोडणारी एक आणि दोन धंदे जोडणारी एक, आणि या तिन्ही रेघा त्या सातव्या ठिपक्यातून न्या. झालं, सात ठिपके, सात रेघा, प्रत्येक रेघेवर तीन ठिपके, प्रत्येक ठिपक्यातून तीन रेघा, आणि कुठल्याही दोन रेघा बरोबर एकाच ठिकाणी भेटतात. इटलीच्या जिनो फानोच्या नावानं हे ओळखलं जातं, फानो प्रतल. पण त्याच्याकडं नंतर येते, आधी दुसरी बाजू सांगायला पाहिजे, नाहीतर हे सगळं नुसतं सुंदर नक्षीकाम वाटेल.

दुसरी बाजू म्हंजे, रकाने काढून टाका. आता नुसत्या गोष्टी आहेत, समजा सात, आणि प्रत्येक माणसाकडं त्यातल्या कुठल्याही तीन. अशी वेगवेगळी माणसं ३५ होतात. यातली जास्तीत जास्त किती एका खोलीत बसवता येतील की कुठल्याही दोघांत काहीतरी समान असावं? सरळ उपाय असा की एक गोष्ट ठरवायची, समजा मराठी, आणि ती ज्यांच्याकडं आहे त्या सगळ्यांना आत घ्यायचं. ते १५ होतात. याहून हुशारीनं काही करून सोळावा आत घेता येतो का? नाही येत. पॉल एर्डोश, चाओ को आणि रिचर्ड राडो या तिघांनी १९३८ साली हे सिद्ध केलं, कितीही गोष्टींसाठी, फक्त एकूण गोष्टी एका माणसाकडच्या गोष्टींच्या दुप्पट तरी असाव्यात. एक हंगेरीचा, एक चीनचा, एक जर्मनीतून नाझींच्या भीतीनं निघालेला, तिघं इंग्लंडमध्ये एकत्र आलेले. आणि छापलं कधी, तर १९६१ ला. तेवीस वर्षं पडून होतं, कारण त्या काळी असल्या गणितात कुणाला फारसा रस नव्हता असं एर्डोशनंच नंतर सांगितलंय. आज या प्रमेयाच्या नावाशिवाय या विषयातला एक पेपर निघत नाही.

याची एक सिद्धता १९७२ ला ग्यूला काटोना यानं दिली, ती मी दरवर्षी शिकवते, सिलॅबसमध्ये नाही तरी शिकवते. सात गोष्टी गोल मांडा, घड्याळासारख्या. शेजारशेजारच्या तीन-तीन घेतल्या तर सात तुकडे होतात. यातले एकमेकांना छेदणारे जास्तीत जास्त किती? एक तुकडा धरा, १-२-३. त्याला छेदणारा दुसरा तुकडा एकतर १ आणि २ च्या मधून तुटतो नाहीतर २ आणि ३ च्या मधून. १-२ च्या फटीपाशी दोन तुकडे येतात, ६-७-१ आणि २-३-४, पण ते दोघं एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून दोघांतला एकच घेता येतो. दुसऱ्या फटीचं तसंच. म्हंजे एक तो मूळचा आणि दोन फटींचे दोन, तीनच्या वर जात नाही. सातातले तीन. आता गोष्टी गोलात कशाही मांडा, प्रत्येक मांडणीत सातातले तीनच, आणि सगळ्या मांडण्यांत मिळून प्रत्येक माणसाची पाळी सारख्याच वेळा येते, म्हणून एकूण ३५ पैकीही सातातले तीन याच हिशोबानं, म्हंजे १५. बास. एवढीच. फळ्यावर हे लिहून झालं की मी हात झटकते आणि मागं वळून पोरांच्या तोंडाकडं बघते, कुणाच्या तरी डोळ्यात ते उतरलेलं दिसतं, मग पुढचे दोन दिवस माझे चांगले जातात.

पण या प्रमेयानं मला सुरुवातीला जरा खट्टूही केलं होतं. उत्तर काय आलं, तर सगळ्यात मोठा गोतावळा तोच ज्यात सगळ्यांचं एकच काहीतरी समान. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे वाक्य नुसतं गणित म्हणून वाचता येत नाही. १९५६ ला राज्यं भाषेवर पाडली गेली तेव्हापासून आमच्या इथं हेच चाललंय, एक गोष्ट धरा आणि त्यावर सगळ्यांना मोजा. माझ्या वडलांनी मोर्चे बघितलेत, मी पाट्या बदलताना बघितल्यात, आणि त्याच गल्लीत मी असेही लोक रोज बघते ज्यांचं एकमेकांशी छान जमतं आणि सगळ्यांना मिळून एक म्हणावं असं काहीच नाही. गच्चीवर येणाऱ्या मुलांचंच घ्या. येळ्ळूरची मुलगी मराठी आणि हिंदी बोलते, बैलहोंगलचा मुलगा कन्नड आणि हिंदी, आणि कॅम्पातली एक आहे तिचं कन्नड आणि मराठी दोन्ही पक्कं पण हिंदीत ती अडते. कुठलेही दोघं छान बोलतात, तिघं मिळून एका भाषेत बोलू म्हटलं की अडतं, आणि तरी त्यांची गणितं होतात. तीन गोष्टी, प्रत्येकाकडं दोन, कुठल्याही दोघांत एक समान, तिघांत शून्य. गणितात याला त्रिकोण म्हणतात आणि केंद्र, म्हंजे सगळ्यांत समान अशी एक गोष्ट, नसलेल्या गोतावळ्याचं हे सगळ्यात लहान उदाहरण आहे.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, केंद्र नको असेल तर किती मोठं होता येतं? १९६७ ला हिल्टन आणि मिल्नर यांनी याचं उत्तर दिलं. सात गोष्टी आणि तीन-तीनच्या हिशोबात १५ वरनं १३ वर येतं. पण ते १३ कसे आहेत बघा, बारा जणांकडं तीच एक गोष्ट आहे आणि तेरावा एकटाच बाहेरचा आहे, आणि त्या एकट्याला आत घेण्यासाठी ज्या तिघांचं त्याच्याशी जुळत नव्हतं त्यांना बाहेर काढलंय. कागदावर केंद्र नाही, पण मनातनं आहेच. मला हे उत्तर पटलं नाही, म्हंजे बरोबर आहे, पण माझा प्रश्न हा नव्हता. माझा प्रश्न तो यादीचा आहे. गोतावळा खरंच एका-दोघांवर टेकलेला नाही हे मोजायचं असेल तर यादी किती लांब लागते हेच बघायला पाहिजे. त्या तेराजणांना दोनाची यादी पुरते, केंद्र आणि तेराव्याची कुठलीही एक गोष्ट. फानोच्या सात रेघांना दोन पुरत नाहीत, कुठलेही दोन ठिपके घेतले तरी पाचच रेघा सापडतात आणि दोन राहतात. तिथं पूर्ण तीन लागतात, याहून जास्त लागूच शकत नाहीत.

एर्डोश आणि लोवास यांनी १९७५ मध्ये नेमकं हेच विचारलं. प्रत्येकाकडं के इतक्या गोष्टी, कुठल्याही दोघांची ओळख निघते, आणि के पेक्षा छोटी यादी चालतच नाही. असा गोतावळा जास्तीत जास्त केवढा? गंमत ही की इथं जगात एकूण गोष्टी कितीही असू देत, गोतावळा एका मर्यादेपलीकडं वाढतच नाही. के दोन असेल तर तीन, तोच आमचा गच्चीवरचा त्रिकोण. के तीन असेल तर दहा. दहा कसे करायचे तर त्रिकोणाच्या तीन जोड्या घ्या, तीन नव्या गोष्टी आणा, प्रत्येक जोडीला प्रत्येक नवी गोष्ट लावा, नऊ झाले, आणि दहावा त्या तीन नव्या गोष्टींचाच. हीच युक्ती परत केली की चारला ४१ होतात. लोवासला वाटलं याहून चांगलं काही नसणार. वीसेक वर्षं तसंच वाटत होतं, मग १९९६ ला फ्रँक्ल, ओता आणि तोकुशिगे यांनी याहून खूप मोठे गोतावळे बांधून दाखवले, के विषम असेल तर कड्याच्या आकारावर मांडता येतात असे आणि सम असेल तर म्योबियसच्या पट्टीवर, ती एक पीळ देऊन चिकटवलेली पट्टी असते ना, आतली बाजू बाहेरची होते ती. मला इथं थांबून सांगायचंय की हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. यादी, माणसं, ओळखी एवढंच चाललेलं असताना मध्येच ही पट्टी कुठनं आली? वरची मर्यादा त्यानंतर हळूहळू खाली आलीय पण दोन्हीमध्ये अजून मोठी दरी आहे, खरं उत्तर कुठं आहे ते माहीत नाही. आणि उलट बाजूनं, असा गोतावळा कमीत कमी केवढा असू शकतो, तिथं जेफ कान यानं १९९४ ला दाखवलं की के च्या काही पटीतच काम होतं, पण नेमकी कितीपट ते राहिलंच आहे.

आता परत फानोकडं. सात ठिपके-सात रेघांचं जे आहे त्याचे मोठे भाऊ पण आहेत, १३ ठिपके आणि रेघेवर चार, २१ आणि रेघेवर पाच, ३१ आणि सहा. मग पुढचं ४३ ठिपके आणि रेघेवर सात, आणि हे नाहीच! असू शकत नाही. हे दाखवणाऱ्या १९४९ च्या प्रमेयात ब्रुकबरोबर नाव कुणाचं, तर रायझरचं, तोच आपला रकान्यांवाला. आणि या गोष्टीत आपलं एक माणूस आहे जे फार कमी मराठी लोकांना माहीत असतं, शरदचंद्र श्रीखंडे. १९१७ ला सागरला जन्म, नागपुरात शिकले, मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला राजचंद्र बोस यांच्याकडं १९५० ला पीएचडी, नंतर मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख, आणि २०२० मध्ये गेले तेव्हा वय १०२. ऑयलरनं १७८२ च्या सुमारास लॅटिन चौरसांबद्दल (आडव्या-उभ्या प्रत्येक ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येतं असे चौरस) एक अंदाज केला होता, की ६, १०, १४, १८ अशा मापांच्या चौरसांची जोडी एकमेकांवर नीट बसणारी, म्हंजे एकावर एक ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच येणारी, कधीच मिळणार नाही. ६ साठी ते खरं निघालं. बाकी सगळ्यांसाठी खोटं, हे १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी दाखवलं, आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. एका मराठी माणसाच्या लॅटिन चौरसाची बातमी पहिल्या पानावर! आमच्या शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर, असं मला नेहमी वाटतं.

ते चौरस आणि या रेघा ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, बोस यांनीच ते दाखवलं होतं. १० मापाचे असे नऊ चौरस मिळाले असते, सगळे एकमेकांशी जुळणारे, तर रेघेवर अकरा ठिपके असलेलं १११ ठिपक्यांचं प्रतल मिळालं असतं. ते नाही मिळत. १९८९ मध्ये क्लेमेंट लाम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुपरकॉम्प्युटरवर प्रचंड शोध घेऊन ते नसल्याचं दाखवलं. पण नऊ राहू देत, १० मापाचे नुसते तीन चौरस एकमेकांशी जुळणारे आहेत का, हे आजसुद्धा माहीत नाही. आणि १५७ ठिपके, १५७ रेघा, प्रत्येक रेघेवर तेरा, असं प्रतल आहे का नाही, तेही माहीत नाही. कॉम्प्युटरनं एकेक तपासायचं म्हटलं तर शक्यता इतक्या होतात की तो रस्ता बंदच समजायचा.

रकान्यांशी याचा संबंध सरळ आहे. कुठल्याही प्रतलातला एक ठिपका पुसा, त्यातनं जाणाऱ्या रेघा झाल्या रकाने आणि उरलेल्या रेघा झाल्या माणसं. फानोतला एक पुसला की ते आपले खानापूर-निपाणीचे चौघं. ३१ वाल्यातला एक पुसला की सहा रकाने, २५ माणसं, आणि तिथं पाचाहून छोटी यादी चालत नाही. म्हंजे रायझर म्हणतो त्याहून जास्त कुणी वाचवू शकत नाही. सात रकान्यांसाठी असं काही मिळेल का हा प्रश्न बराच काळ लटकला होता, कारण ज्यातनं काढायचं ते ४३ वालं प्रतलच नाही. आहारोनी, बारात आणि वॅनलेस यांनी दुसऱ्या वाटेनं ते बांधलं. प्रतल नसतानाही सातात सहा लागतात. म्हंजे कुठं टोकाला जातं हे कळलंय, ते टोक ओलांडलं जातं का हेच तेवढं कळलेलं नाही.

या विषयात असे प्रश्न खूप आहेत, सगळे इथं आणत नाही. पेटर फ्रँक्लचा १९७९ चा संयोगाचा प्रश्न मात्र सांगते, कारण तो आता आता हलला. काही संच असे घ्या की कुठल्याही दोघांचा संयोगही त्यातच असतो, तर एखादी गोष्ट निदान अर्ध्या संचांत असायलाच पाहिजे, असा अंदाज. चाळीसहून जास्त वर्षं कुणाला एक टक्कासुद्धा दाखवता आला नव्हता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जस्टिन गिल्मर यानं माहितीशास्त्रातली एंट्रॉपी, म्हंजे अनिश्चितता मोजायचं माप, वापरून एक टक्का दाखवला आणि काही दिवसांतच चार वेगवेगळ्या गटांनी तो ३८ टक्क्यांवर नेला. पन्नास अजून लांब आहे. आणि १९७४ चा ख्वातालचा अंदाज, तो एर्डोश-को-राडोचाच भाऊबंद, की ज्या संग्रहात प्रत्येक संचाचे सगळे तुकडेही सामील आहेत तिथं सगळ्यात मोठा छेदणारा गोतावळा एखाद्या केंद्राचा असतोच. हाही अजून सुटलेला नाही. मला या दोन्हींपेक्षा रकाने जास्त जवळचे वाटतात, त्याला कारण बसमधले ते प्रश्न हेच असावं.

तीन रकान्यांत दोनाची यादी नेहमी पुरते, याची सिद्धता मात्र इथं लिहूनच टाकते, कारण ती कुणालाही जमण्यासारखी आहे आणि माझ्या गच्चीवर ती कॅम्पातल्या मुलीनं शेवटपर्यंत नेली. आधी समजा कुठल्याही दोघांचं निदान दोन रकान्यांत जुळतंय. मग एक माणूस उचला आणि त्याची कुठलीही दोन उत्तरं लिहा, कारण इतरांचं त्याच्याशी तीनातलं दोनात जुळतं, म्हणून ही दोन्हीच्या दोन्ही कुणाची चुकणार नाहीत. झालं. नाहीतर असे दोघं मिळतातच ज्यांचं बरोबर एकाच रकान्यात जुळतं, समजा गावात. दोघं खानापूरचे, एक मराठी-शेती, दुसरा कन्नड-दुकान. आता जे खानापूरचे नाहीत त्यांना या दोघांशीही जुळायचंय, म्हणून ते एकतर मराठी-दुकान असणार नाहीतर कन्नड-शेती. यातला एकच प्रकार खोलीत असेल तर, समजा सगळे मराठी-दुकानवाले, यादी खानापूर आणि मराठी. दोन्ही प्रकार असतील तर मराठी-दुकानवाल्याचं कन्नड-शेतीवाल्याशी कशात जुळणार? भाषेत नाही, धंद्यात नाही, राहिलं गाव. म्हणून बाहेरचे सगळे एकाच गावचे, समजा निपाणीचे, आणि यादी झाली खानापूर, निपाणी.

हे झाल्यावर बैलहोंगलच्या मुलानं लगेच चौथा रकाना आखला, देव. आता तीनाची यादी पुरली पाहिजे. सुरुवात तशीच करायची, एकाच रकान्यात जुळणारे दोघं धरायचे, पण बाहेरच्यांचे प्रकार आता दोन राहत नाहीत. दोघांच्या उरलेल्या तीन-तीन उत्तरांतनं निवडायचं म्हटलं की एक याचं, एक त्याचं असे सहा प्रकार होतात, आणि प्रत्येकात तिसरं उत्तर भलतंच काहीतरी असू शकतं. त्यातले कुठले प्रकार एकमेकांशी जुळतात आणि कुठले नाहीत याचं चित्र आधी काढा, षटकोन काढला तर सोपं जातं. चार रकान्यांचं होतं, वेळ लागतो पण होतं. पाचाचं करताना कागद मोठा घ्या.